बोटांखालचा एक्सपी-६०

कार्यक्रमाच्या तारखेसाठी फोन आला की संयोजक पूर्वी दोनच गोष्टी विचारायचे. तारीख मोकळी आहे का, आणि कीबोर्ड कोणता आहे? दुसऱ्याचे उत्तर ‘एक्सपी-६०’ असे दिले की पुढचे बोलणे लवकर आटपायचे. भावगीतांचा कार्यक्रम असो, अभंगवाणी असो, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो की लग्नातली संगीत संध्याकाळ, या एका वाद्यावर सगळे निभावते अशी खात्री मंडळींना असायची. पुण्यात राहून महाराष्ट्रभर कार्यक्रम करताना मी हे वाद्य वर्षानुवर्षे वाजवले. आजही वाजवतो. ज्यांच्याकडे ते होते किंवा आहे, अशा अनेक वादकांशी मैत्री जमली. त्यांचे आणि माझे अनुभव एकत्र ठेवले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. डिजिटल वाद्यातला आवाज कारखान्यात तयार होत असला, तरी ते वाद्य म्हणून उभे राहते ते वादकाच्या हातात, आणि त्यातही डाव्या हातात.

या वाद्याचे घराणे आधी सांगायला हवे. रोलँड या जपानी कंपनीने १९९४ साली जेव्ही-१०८० हे मॉड्यूल आणले. चपटा धातूचा डबा, पुढे छोटा डिस्प्ले आणि बटणे, पण पट्ट्या एकही नाही. त्यातले आवाज इतके भरदार होते की जगभरच्या स्टुडिओंत तो डबा रॅकमध्ये जाऊन बसला. स्टुडिओत हे चालते. तिथे दुसरा कीबोर्ड असतो, वायरी जोडलेल्याच असतात, काही अडले तर वाट बघायला वेळ असतो. रंगमंचावर तसे नाही. पडदा उघडायला दहा मिनिटे उरलेली असताना मिडीची वायर कुठे सैल झाली ते शोधत बसणे कुणाला परवडत नाही. १९९५ साली त्याच आवाजांना पट्ट्या जोडून एक्सपी-५० आला, १९९६ साली ७६ पट्ट्यांचा एक्सपी-८०, आणि १९९८ साली ६१ पट्ट्यांचा एक्सपी-६०. आमच्यासारख्या फिरत्या वादकांना हा शेवटचा बरोबर मापाचा वाटला. एसटीच्या मागच्या सीटवर किंवा सुमोच्या टपावर तो मावत असे, आणि स्टँड, पेडल, पॉवर केबल एवढे घेतले की वादक तयार.

आकडे पाहिले तर त्याची ताकद कळते. एका वेळी ६४ आवाज, गाण्याची साथ आधी भरून ठेवण्यासाठी सोळा भागांचा सिक्वेन्सर, आवाजांच्या जादा पाट्या बसवायला आत चार जागा. या पाट्यांपैकी ‘एशिया’ नावाची पाटी आपल्याकडे फार मागितली जायची, कारण तिच्यात आशियातली वाद्ये होती. पण पाटी मिळाली म्हणजे सनई वाजली असे होत नाही. हे कळायला मलाही, आणि मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक मालकाला, वेळ लागला.

आपल्याकडे पट्ट्यांच्या वाद्याकडे संशयाने बघायची जुनी परंपरा आहे, आणि ती निराधार नाही. हार्मोनियमवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, या आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० साली त्या वाद्याला दारे बंद केली. १९७१ साली ती उघडू लागली. मधल्या काळात हार्मोनियम मैफलीतून हद्दपार झाली नाही, कारण अप्पा जळगावकरांसारख्या वादकांनी त्याच पट्ट्यांतून गायकाच्या जवळ कसे जायचे ते दाखवून दिले. कीबोर्डला हाच प्रश्न वारशाने मिळाला. फरक इतकाच, की त्याच्या डाव्या अंगाला एक दांडी आहे. ती डावीकडे नेली की सूर उतरतो, उजवीकडे नेली की चढतो, पुढे ढकलली की सुराला कंप मिळतो. हार्मोनियमला जे करता येत नाही ते करण्याचे हे साधन.

बहुतेक जण ही दांडी शोभेसाठी वापरतात. सूर दाबायचा, हलवायचा, सोडायचा. गाण्याला ते चिकटत नाही. एका ज्येष्ठ वादकाने कोल्हापुरात मला दुसरी रीत दाखवली. दांडीचा पल्ला दोन सुरांपुरता, म्हणजे एका पूर्ण स्वराइतका ठेवायचा. गंधार वाजवायचा असेल तर दांडी आधीच डावीकडे ओढून ठेवायची, मग गंधाराची पट्टी दाबायची, म्हणजे ऐकू येतो रिषभ, आणि मग दांडी हळूहळू मध्यावर सोडायची. गंधार खालून उगवतो. पट्टी एकदाच दाबलेली असल्याने मध्ये टोचा नाही, आणि जिथे थांबायचे ती जागा दांडीच्या मध्यावर नक्की असल्याने सूर घसरत नाही. बासरीचा किंवा सारंगीचा आवाज लावून हे केले की श्रोत्याला पट्टी दिसतच नाही. दरबारीचा गंधार हवा असेल तर दांडी अगदी थोडी, आणि अगदी सावकाश. उजव्या हाताला हे जमत नाही. डाव्या हाताचा रियाज वेगळाच करावा लागतो, एकेका सुरावर, तानपुरा लावून.

सुरांच्या जागांचेही तसेच. कीबोर्डचे बारा सूर समान अंतरावर बांधलेले असतात. यमनमधला तीव्र मध्यम किंवा भीमपलासातला कोमल निषाद गायकाच्या गळ्यातून निघतो तिथे तो बसेलच असे नाही. एक्सपी-६०मध्ये बाराही सुरांची जागा वेगवेगळी वर-खाली करण्याची सोय आहे. ती फार थोड्यांनी उघडून पाहिली. मी ती अभंगांच्या कार्यक्रमात वापरतो, कारण तिथे गायकाबरोबर लांब सूर धरायचे असतात आणि किंचितही फरक कानाला खुपतो. मात्र सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारे ट्रान्सपोजचे बटण मी कमीत कमी दाबतो. गायक काळी एकवर असो की पांढरी चारवर, बोटांनी त्या पट्टीतूनच जावे, म्हणजे डोळे, कान आणि हात एकाच गोष्टीवर राहतात. बटणाच्या भरवशावर राहिलेला वादक गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली की गोंधळतो. हे मी अनेक रंगमंचांवर पाहिले आहे.

या वाद्यात मला सगळ्यांत जास्त आनंद दिला तो नाट्यसंगीताच्या ऑर्गनने. संगीत नाटकात पायाने भाता मारण्याचा ऑर्गन असायचा. गोविंदराव पटवर्धनांचा ऑर्गन ज्यांनी ऐकला त्यांना त्या आवाजाची गोडी सांगावी लागत नाही. आता ते ऑर्गन दुर्मीळ झाले आहेत, जे आहेत ते हलवता येत नाहीत, आणि दुरुस्त करणारे हात कमी आहेत. त्यामुळे नाट्यगीतांच्या कार्यक्रमात तो आवाज कीबोर्डवर उभा करावा लागतो. कारखान्यातून आलेल्या आवाजांत चर्चचे ऑर्गन आहेत, जॅझचे आहेत, आपला ऑर्गन नाही. तो बनवावा लागतो.

मी तो असा बनवला. एक्सपी-६०मध्ये एका पॅचमध्ये, म्हणजे एका तयार आवाजात, चारपर्यंत थर असतात. त्यांपैकी दोन घेतले, दोन्हींत रीडच्या जातीचा आवाज. दुसरा थर पहिल्यापेक्षा किंचित उतरवला, इतका की दोन्ही मिळून एक सौम्य लहर उठावी. खऱ्या ऑर्गनमध्ये रीडच्या दोन ओळी एकत्र वाजताना असेच होते. पायपेटीचा ऑर्गन हवा बाहेर फेकत नाही, आत ओढून घेतो. म्हणून त्याचा सूर हार्मोनियमसारखा चटकन उमटत नाही, किंचित उशिराने आणि मऊ येतो. त्यासाठी आवाजाची सुरुवात थोडी संथ केली आणि फिल्टर खाली आणून वरची धार कमी केली. मग सर्वांत महत्त्वाचे. पट्टी जोरात दाबा की हळू, ऑर्गनचा आवाज बदलत नाही, म्हणून बोटांच्या दाबाचा परिणाम शून्यावर आणला. आणि भात्याचे काम पायाकडे दिले. एक्स्प्रेशन पेडलवर आवाज चढउतार करायचा, गायकाच्या श्वासाबरोबर. हे सगळे झाल्यावर एका बुजुर्ग गायकांनी तालमीत मान न वळवता पद सुरू केले. साथीकडे लक्ष द्यावे न लागणे, याहून मोठी पावती साथीदाराला दुसरी नाही.

गोव्यात फोंड्याकडे राहणारा माझा एक मित्र देवळांच्या जत्रांतल्या संगीत नाटकांना साथ करतो. तिथे हौशी कलावंत आजही मनापासून संगीत नाटके करतात, आणि रात्र सरत आली तरी प्रेक्षक उठत नाहीत. त्याच्या एक्सपी-६०मध्ये हाच ऑर्गन मी फ्लॉपीवरून उतरवून दिला. त्याने तो तसाच ठेवला नाही. त्याच्या गायकांचा आवाज पातळ, म्हणून त्याने खालचा थर थोडा वाढवला आणि तीच फ्लॉपी मला परत पाठवली. त्याची दुरुस्ती मी ठेवून घेतली. अशा फ्लॉप्या त्या काळी सांगलीहून नाशिकला, नाशिकहून नागपूरला फिरत असत. कुणाची ढोलकी, कुणाची सनई, कुणाचे संबळ. कुणी पैसे घेई, कुणी चहावर देई. जपानमध्ये बनलेल्या यंत्रात मराठी आवाज असे भरले गेले, आणि ते भरणाऱ्यांची नावे कुठेही नोंदली गेली नाहीत.

रंगमंचावरची शिस्त या वाद्याने शिकवली. सिक्वेन्सरमध्ये भरलेली गाणी वीज गेली की पुसली जातात, म्हणून ती फ्लॉपीवर ठेवावी लागतात आणि कार्यक्रमाआधी पुन्हा भरून घ्यावी लागतात. गावाकडे जनरेटरवर कार्यक्रम असला की व्होल्टेज वरखाली होते. जाणते मालक स्वतःचा स्टॅबिलायझर किंवा यूपीएस घेऊनच जातात, आणि प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत वेगळ्या पिशवीत ठेवतात. मांडवात अर्थिंग नीट नसले की स्पीकरमधून घरघर येते आणि वाद्याच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. तेव्हा साउंडवाल्याशी आधी बोलून वीज कुठून घेतली आहे ते पाहणे, हा वाजवण्याचाच भाग समजायला हवा.

६४ आवाजांचा हिशेबही असाच कळतो. चार थरांचा व्हायोलिनचा ताफा लावला तर एक पट्टी चार आवाज खाते, म्हणजे सोळा सुरांत पेटी रिकामी. त्यात पेडल दाबलेले, आणि मागे सिक्वेन्सवर ठेका चाललेला. मग आधीचा सूर मध्येच तुटतो, आणि तो नेमका गायक षड्जावर थांबलेला असताना तुटतो. यावर उपाय दोन. मंचासाठी त्याच आवाजाची दोन थरांची हलकी आवृत्ती करून ठेवायची, आणि महत्त्वाच्या भागाला काही आवाज राखून द्यायचे. घरी भव्य वाटणारा आवाज मंचावर अर्धा करावा लागतो, आणि बाकीच्या साथीत मिसळल्यावर तोच जास्त चांगला ऐकू येतो.

वय झाले की वाद्य दुखणी सांगू लागते. पट्ट्यांचे दुखणे सर्वांत जास्त. वरचे झाकण काढून पट्ट्या उचलल्या की खाली रबराची लांब फीत दिसते. प्रत्येक पट्टीखाली तिच्यात कार्बनचे दोन काळे ठिपके असतात. पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा नंतर. दोन्हींमध्ये किती वेळ गेला ते यंत्र मोजते आणि त्यावरून बोटाचा जोर ठरवते. वेळ कमी तर जोर जास्त. या ठिपक्यावर धूळ बसली, गुलाल गेला, कोकणातल्या दमट हवेचा थर चढला, की मोजणी बिघडते. तो सूर एकतर मुका होतो, नाहीतर कितीही हळुवार दाबला तरी ओरडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी घेऊन एकेक ठिपका हलक्या हाताने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग फीत जागेवर बसवायची. घासायचे मात्र नाही, कार्बन निघून गेला तर तो सूर कायमचा जातो. हे काम पावसाळ्याआधी एकदा केले तर वर्ष सुखात जाते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीच्या मंडपातून आलेले वाद्य तर त्याच आठवड्यात उघडावे.

दुसरे दुखणे आतल्या बॅटरीचे. नाण्याएवढी लिथियम बॅटरी आपण बनवलेले आवाज धरून ठेवते. ती संपत आल्याची सूचना डिस्प्लेवर येते. त्यानंतर पहिले काम म्हणजे सगळे आवाज फ्लॉपीवर उतरवणे, बॅटरी त्यानंतर. फ्लॉपीच आता मिळेनाशी झाली आहे. म्हणून काहींनी फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी पेन ड्राइव्ह चालणारे यंत्र बसवून घेतले. ज्यांनी हे वेळेवर केले त्यांचे आयुष्यभराचे काम एका पेन ड्राइव्हवर सुरक्षित आहे. ज्यांच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली, त्यांचा ऐवज गेला. असे गेलेले आवाज मी ऐकलेले होते, म्हणून मला त्याचे फार वाईट वाटते.

एका गोष्टीबद्दल मालकांच्या गप्पांत क्वचितच बोलले जाते. हे वाद्य आले तेव्हा बरेच वादक मंचावरून उतरले. पूर्वीच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन असे, व्हायोलिनची रांग असे, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट असत. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचे अकॉर्डियन ऐकून किती तरी मुले त्या वाद्याकडे वळली होती. एका कीबोर्डमध्ये हे सगळे आवाज आल्यावर संयोजकांनी मानधनाचा हिशेब केला आणि खुर्च्या कमी झाल्या. यात यंत्राचा दोष नाही आणि वादकाचाही नाही. पण ज्याच्या जागी आपण बसलो त्याच्या वाद्याची चाल आपण शिकली पाहिजे, हे मला कर्तव्य वाटते. व्हायोलिनचा आवाज लावून पियानोसारखे सूर टाकणे हा त्या वादकाचा अपमान आहे. व्हायोलिनवाला गज कुठे वळवेल, सनईवाला श्वास कुठे घेईल, अकॉर्डियनचा भाता कुठे उलटेल, हे माहीत असले तरच तो आवाज वापरण्याचा हक्क मिळतो. आणि खरा वादक उपलब्ध असेल, तर संयोजकाला तसे स्पष्ट सांगावे. मी सांगतो. अनेकदा ते ऐकतातही.

आता त्याच कंपनीने जेव्ही-१०८०चे आवाज सॉफ्टवेअरच्या रूपात दिले आहेत. लॅपटॉप असेल तर तेच आवाज मिळतात, शिवाय फ्लॉपी नको, बॅटरी नको. स्टुडिओसाठी मी तेही वापरतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तरी मला माहीत असलेले बहुतेक मालक आपला एक्सपी-६० विकत नाहीत. विचारले तर कुणी जुन्या आठवणींचे कारण सांगत नाही. सगळे हाताचेच कारण सांगतात. त्या पट्ट्यांचा दाब, दांडीचा ताण, सूर धरून पट्टी आणखी दाबली की येणारा कंप, कोणता पॅच कोणत्या बटणावर आहे ते न बघता सापडणे, हे सगळे हातात मुरलेले असते. नव्या यंत्रावर ते पुन्हा पहिल्यापासून मुरवावे लागते. आवाजाची नक्कल लगेच होते, हात तयार व्हायला मात्र वर्षे लागतात.

म्हणून नव्याने कीबोर्ड शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच आहे. दर वर्षी नवे मॉडेल घेऊ नका. जे घ्याल त्याची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा, त्यातले निदान दहा आवाज स्वतः उघडून आपल्या गाण्याला योग्य असे घडवा, आणि डाव्या हाताचा रियाज उजव्याइतकाच करा. आणि ज्यांच्या घरी एक्सपी-६० गवसणीत पडून आहे, त्यांनी तो या पावसाळ्याआधी बाहेर काढावा, आवाज उतरवून ठेवावेत, बॅटरी बदलावी, पट्ट्या साफ कराव्यात. स्वतः वाजवणार नसाल, तर शिकणाऱ्या कुणाला तरी तो द्या, आणि देताना तुम्ही बनवलेले आवाजही बरोबर द्या. वाद्य वाजते राहिले तरच ते टिकते.